समुद्रकाठच्या छोट्या ब्रुअऱ्या: बिअर कशी बनते आणि शेजारच्या गावाला काय मिळतं

डिसेंबर लागला की सांगली-मिरजेतली निम्मी पोरं आंबोली उतरून गोव्याला जातात, आणि परत आली की विषय एकच, तिकडची ती क्राफ्ट बिअर, छोट्या ब्रुअरीत बनलेली, नळातून येणारी, थोडी गढूळ दिसणारी, कुठं आंबा तर कुठं कोकम घातलेली. मग प्रश्न सुरू होतात, एवढी महाग का, चव वेगळी का, आपल्याकडं ती बाटलीत का मिळत नाही. एक प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात, की ज्या किनाऱ्यावरच्या गावात ही ब्रुअरी उभी राहते त्या गावाला त्यातून काय मिळतं आणि गावाचं काय जातं. मला खरा रस ह्यात आहे, कारण किनाऱ्याचं पाणी आणि आपलं पाणी हे वाटतं तेवढं वेगळं नाही, त्यावर खाली येतोच.

आधी एक गोष्ट सांगतो जी समजली की बाकीचं सोपं जातं. छोट्या ब्रुअरीची बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली नसते, म्हणजे टिकावी म्हणून गरम करून त्यातले जंतू मारलेले नसतात, त्यामुळं ती थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. अशी बिअर ट्रकमध्ये घालून हजार किलोमीटर पाठवणं परवडत नाही, ती जिथं बनते तिथंच किंवा आसपास पिऊन संपते. म्हणून तिचा पैसाही तिथंच फिरतो आणि तिचं सांडपाणीही तिथंच राहतं. मोठ्या कारखान्याचं असं नसतं, माल एका जिल्ह्यात बनतो, विकला दुसऱ्या राज्यात जातो आणि नफा तिसऱ्याच शहरात.

आता बिअर बनते कशी ते बघू. चार गोष्टी लागतात, पाणी, बार्ली, हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) आणि यीस्ट (साखर खाऊन तिचं अल्कोहोल करणारा सूक्ष्म जीव). जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी ह्याशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नाही कारण यीस्ट नावाचा जीव असतो हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते काम पुढं लुई पाश्चरनं केलं, बिअरवरचा त्याचा अभ्यास १८७६ साली छापून आला, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली, तिथून आजची एकसारखी चवीची बिअर सुरू झाली.

बार्ली म्हणजे आपलं जव. ते भिजवतात, मोड आणतात आणि मोड आले की गरम हवेवर वाळवतात, ह्याला माल्ट म्हणायचं. मोड कशाला, तर दाण्यात स्टार्च असतं आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याला साखर लागते. दाणा मोड आणताना स्वतःच्या वाढीसाठी एन्झाइम तयार करतो जे स्टार्च तोडून साखर करतात, आणि ब्रुअर ते एन्झाइम आपल्या कामाला लावतो. माल्ट भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतात, ह्याला मॅश म्हणतात. ही पायरी जवळून बघण्यासारखी असते, सुरुवातीला भांड्यात नुसतं पिठूळ, पांढरट, बेचव पाणी असतं, आणि तासाभरात तेच तपकिरी आणि चांगलंच गोड होतं, बाहेरून कणभर साखर न घालता. स्टार्च संपलं का हे बघायला पांढऱ्या बशीत दोन थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकतात. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे, थांबा, आणि आयोडीनचा रंग तसाच पिवळट राहिला तर काम झालं. शाळेत बटाट्यावर केलेला तोच प्रयोग. तापमान दोन-तीन डिग्री इकडं तिकडं झालं तर बिअर पातळ होते नाहीतर जास्त भरलेली, गोडसर होते, म्हणून तासभर तिथून कोणी हलत नाही.

मग ते गोड पाणी गाळून घेतात, तास-दीड तास हॉप्स घालून उकळतात (कडवटपणा आणि वास हॉप्सचा), गार करतात, यीस्ट टाकतात. एल प्रकारची बिअर २० डिग्रीच्या आसपास आठ-पंधरा दिवसांत आंबते, लागर ह्या दुसऱ्या प्रकाराला १०-१२ डिग्री आणि कित्येक आठवडे लागतात. किनाऱ्यावर हीच खरी अडचण, बाहेर ३३-३४ डिग्री आणि घाम काढणारी हवा, त्यामुळं चिलर दिवसरात्र चालवावा लागतो. वीज गेली आणि जनरेटर नसेल तर यीस्ट तापतं आणि अख्ख्या टाकीला नको तो वास लागतो. शिवाय खारी हवा, साध्या ३०४ ग्रेडच्या स्टीलला तिनं बारीक खड्डे पडतात म्हणून बरेच ठिकाणी महागडं ३१६ वापरावं लागतं. ग्लास महाग का ह्याचं अर्धं उत्तर इथं आहे, बाकीचं अर्धं टॅक्समध्ये.

पण सगळ्यात मोठा विषय पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आणि चव त्यावर ठरते. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर म्हणून तिथली कडवट पेल एल गाजली, झेक देशातल्या पिल्सेनचं पाणी एकदम मऊ म्हणून १८४२ मध्ये तिथं ती फिकट सोनेरी बिअर जमली जिची नक्कल आज जगातल्या बहुतेक बाटल्यांत असते. किनाऱ्यावर उलटा त्रास, विहिरी जास्त उपसल्या की जमिनीखालून समुद्राचं पाणी आत सरकतं आणि एकदा का विहीर मचूळ झाली की ती सहजासहजी गोडी होत नाही. मग पाण्यातले क्षार गाळणारा आरओ लावायचा, आणि आरओ लावला की काही पाणी परत फेकून द्यायचं.

हिशोब मांडून बघा. चांगला चालवलेला मोठा कारखाना एक लिटर बिअरला तीन-चार लिटर पाणी घेतो, छोट्यांना पाच-सात लिटर सहज लागतं, कारण टाक्या, पाइप, पिंपं धुण्यातच जास्त पाणी जातं. समजा रोज हजार लिटर बिअर बनवली तर सहा हजार लिटर पाणी धरा. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत, म्हणजे शंभराच्या वर माणसांचं रोजचं पाणी झालं. हे फार आहे का? खरं सांगायचं तर एखाद्या बऱ्या रिसॉर्टपुढं काहीच नाही, स्विमिंग पूलवाल्या हॉटेलांना सोडून एकट्या ब्रुअरीच्या नावानं ओरडणं मला पटत नाही. पण कोकणात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर जातो, जांभा दगडातून पाणी झिरपून निघून जातं, आणि ब्रुअरीचा सीझन नेमका तिथपर्यंत लांबलेला असतो. वर्षाची सरासरी काढून उपयोग नाही, मे महिन्याचा हिशोब मांडायला लागतो.

आपल्याला हे दुसऱ्या कुणी समजवायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या दारू आणि बिअर कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. आधी माणसं, मग कारखाने, हे तेव्हा कोर्टाला सांगावं लागलं.

आणि कोकणातलं पाणी म्हणजे आपला काय संबंध असं वाटत असेल तर कोयना आठवा. साताऱ्यातलं कोयनेचं पाणी वीज बनवून डोंगराखालून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीत जातं, पश्चिमेकडं सोडायची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. म्हणजे खाली चिपळूणकडं जे काही ह्या नदीच्या जिवावर चालतं त्यात पाटण, जावळीच्या डोंगरांवर पडलेला पाऊस असतो, आणि कोयनेच्या पाण्यात बुडालेली गावंही त्याच हिशोबात येतात.

आत येणारं पाणी झालं, आता बाहेर जाणारं. ब्रुअरीचं सांडपाणी विषारी नसतं, केमिकल फॅक्टरीसारखं नसतं, त्यात साखर, यीस्ट, धान्याचा गाळ आणि धुण्याचा सोडा असतो. म्हणून लोक म्हणतात त्यात काय, द्या सोडून ओढ्याला. गोंधळ इथंच होतो. साखर पाण्यात गेली की जीवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, किती ऑक्सिजन लागेल त्या मापाला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम, ब्रुअरीचा हजार ते तीन हजार, आणि आपल्या डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे दारू काढून उरलेल्या पाण्याचा, चाळीस-पन्नास हजार. नदीत सोडायची मर्यादा फक्त ३०. दुसरीकडं एक लिटर चांगल्या नदीच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे दोन हजार बीओडीचं एक लिटर सांडपाणी हे अडीचशे लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन पिऊ शकतं, आणि मग त्या पाण्यात मासा जगणार कसा, तो विष न खाता गुदमरून मरतो. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता तो ज्यांनी बघितलाय, त्यांना हे आकडे परत वाचून दाखवायची गरज नाही.

खाडीत तर अजून नाजूक काम आहे. भरती-ओहोटीमुळं घाण लगेच समुद्रात जाते असं वाटतं पण अरुंद खाडीत ती भरतीबरोबर परत आत येते, आणि खाडीतच माशांची पिल्लं वाढतात, कालवं, तिसऱ्या, चिंबोऱ्या तिथंच. कालवं काढणाऱ्या बहुतेक बायका असतात, त्यांच्याकडं बोट नसते की इथं नाही मिळालं तर लांब जाऊन आणलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार किती वर्षं तक्रार करतायत, तो त्रास ब्रुअरीपेक्षा कितीतरी मोठा आहे, पण त्यातून एक समजतं की खाडी बिघडली तर आधी कुणाच्या चुलीवर परिणाम होतो. आणि हे टाळता येतं. सांडपाणी आधी एका टाकीत साठवून त्याचा आम्ल-अल्कली तोल बरोबर करायचा, मग जीवाणूंना बंद टाकीत किंवा हवा देऊन ते आधीच खाऊ द्यायचं. छोट्या ब्रुअरीला हा खर्च जड जातो, म्हणून परवानगीच्या वेळीच धरून ठेवायला लागतो, नंतर कोणी करत नाही.

मॅश गाळल्यावर उरणाऱ्या माल्टच्या चोथ्याचं मात्र चांगलं आहे. शंभर लिटर बिअरमागं साधारण पंधरा-वीस किलो ओला चोथा उरतो, साखर निघून गेलेली असते पण प्रोटीन राहतं, वाळवून बघितलं तर वीस टक्क्यांच्या वर. दुभत्या जनावरांना उत्तम. फक्त तो ओला असतो, उन्हाळ्यात दिवस-दोन दिवसांत आंबून बुरशी धरतो आणि बुरशीचं विष दुधात उतरतं, म्हणून त्याच दिवशी उचलणारा गोठेवाला जवळ हवा. आपल्याकडं दारोदारी म्हशी आहेत, कोकणात दूध संकलन तेवढं नाही, त्यामुळं तिथं ब्रुअरी आणि चार-पाच गोठे ह्यांची जोडी आधी लावून घेतली तरच ते जमतं, नाहीतर चोथा खड्ड्यात जातो आणि वास गावाला.

पैशाचं बघू. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये रॉक नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे, तिथं १९९४ मध्ये शार्प्स ब्रुअरी सुरू झाली. त्यांची डूम बार नावाची बिअर, नाव कशावरून तर कॅमल नदीच्या मुखावर जहाजं बुडवणारा वाळूचा बांध आहे त्यावरून. खप वाढत गेला, २०११ मध्ये मोल्सन कूर्स ह्या मोठ्या कंपनीनं ब्रुअरी विकत घेतली, आणि २०१३ पासून बाटलीतली डूम बार शेकडो किलोमीटर आत, समुद्रापासून लांब असलेल्या बर्टनमध्ये बनायला लागली. पिंपातली रॉकमध्येच बनत राहिली. लेबलावर गावच्या वाळूचं नाव आणि बाटलीचा रोजगार दुसरीकडं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, गावाचं नाव विकलं जातं तेव्हा गावाच्या हातात काय राहतं हे आधी ठरवायला हवं.

उलट दुसरं, इंग्लंडच्याच पूर्व किनाऱ्यावर साउथवोल्ड, तिथं अॅडनम्स १८७२ पासून आहे. गावात २००६ पर्यंत पिंपं घोडागाडीनं पोचवायचे. ट्रकची गर्दी नको म्हणून गोदाम गावाबाहेर नेलं, आणि २०१० मध्ये ब्रुअरीच्या आणि आसपासच्या अन्नकचऱ्यापासून गॅस बनवायचा प्लांट टाकला. अमेरिकेत सॅन डिएगो हे समुद्रकाठचं शहर लांबच्या कोलोरॅडो नदीवर तहान भागवतं, तिथं स्टोन ब्रुअरीनं २०१७ मध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून बिअर करून दाखवली. सगळ्यांना हे जमेल असं नाही, पण पाणी परत वापरता येतं एवढं तरी त्यानं लोकांना पटलं.

भारतात ही लाट नवीच आहे. पुण्यात दुलाली ही छोटी ब्रुअरी २००९ ला सुरू झाली, गोव्यात सांगोल्ड्याला गोवा ब्रुइंग कंपनी आली. पण किनाऱ्यावर आंबवलेलं पेय नवीन नाही, माडाची माडी कित्येक पिढ्यांची आहे, सकाळी उतरवलेली गोड आणि संध्याकाळपर्यंत चढलेली, तिला वेगळं यीस्टही लागत नाही. ती काढणं हा भंडारी समाजाचा धंदा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, झाडांवरचा कर वाढला, आणि गावची माडी हळूहळू मागं पडून कारखान्याची दारू पुढं सरकली. गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि २०१६ मध्ये सरकारनं तिला राज्याचं हेरिटेज पेय म्हटलं, आपल्या कोकणातल्या माडीच्या वाट्याला असं काही आलं नाही ह्याचं मला वाईट वाटतं. किनाऱ्यावर नवीन ब्रुअरी येत असेल तर ज्यांच्या हातात हे कसब आहे त्यांना त्यात जागा असायला हवी, टेबल पुसायच्या पगारावर नव्हे, टाकीजवळ.

माल कुठून येतो हेही बघा. बार्ली राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातून, हॉप्स जवळजवळ सगळे बाहेर देशातून, कारण हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात, आपल्याकडं हिमाचलातल्या लाहौलसारख्या थंड भागात थोडे झालेत तेवढेच. मग स्थानिक काय? कोकम आहे, लाल तांदूळ आहे, वर घाटावर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे. फळं बहुतेक वेळा मुख्य आंबवण झाल्यावर घालतात, नाहीतर वास उडून जातो. पण मला सगळ्यात जास्त आशा आपल्या ज्वारीची वाटते. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्लीची आयात बंद केली तेव्हा तिथले मोठमोठे कारखाने ज्वारीवर गेले, आणि दक्षिण आफ्रिकेकडं तर ज्वारीची बिअर घराघरांत पिढ्यान् पिढ्या होते. अडचण दोन, ज्वारीचं स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला, सत्तरच्या पुढं फुलतं, आणि तेवढ्या गरमीत एन्झाइम टिकत नाहीत, म्हणून ज्वारी वेगळी शिजवून मग मॅशमध्ये मिसळायची. दुसरं, बार्लीच्या टरफलांचा गाळणीसारखा थर बसतो तो ज्वारी-तांदळाचा बसत नाही, म्हणून त्याबरोबर बार्ली थोडी तरी ठेवायला लागते. जमण्यासारखं आहे, आणि जतची, माणची शाळू खाली किनाऱ्यावर गेली तर दोन्हीकडं चार पैसे राहतील.

आता कायदा, कारण ह्यात पोरं अडकतात. दारू हा राज्याचा विषय, प्रत्येक राज्याचा टॅक्स आणि लेबल वेगळं, म्हणून गोव्यातली बिअर गाडीत टाकून परवान्याशिवाय इकडं आणणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, इन्सुलीला नाका त्यासाठीच आहे आणि तिथं बिअर सापडली की गाडीसकट जाते. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. आणि क्राफ्ट म्हणजे हेल्दी अशी जी हवा केली जाते ती खोटी आहे, अल्कोहोल तेच, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अमुक एवढी घेतली तर सुरक्षित अशी मात्रा नाही.

आपल्या भागात बायांनी मतदानात आडवी बाटली (म्हणजे दुकान बंद) करून दारूची दुकानं बंद केलीत, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला लागतो, ते सोपं नसतं. किनाऱ्यावरच्या तुमच्या मामाच्या, आत्याच्या गावात ब्रुअरी येणार असं कळलं तर मतदानापर्यंत जायच्या आधीच ग्रामसभेत कागद मागायला सांगा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात रोज किती पाणी घेणार, किती सांडपाणी निघणार आणि ते कुठं जाणार हे आकड्यात लिहिलेलं असतं, ते मराठीत वाचून दाखवा म्हणायचं. पाणी विहिरीचं, नळयोजनेचं की टँकरचं, मे महिन्यात विहीर आटली तर उत्पादन बंद ठेवणार का, चोथा कोण उचलणार, टाकीजवळच्या नोकऱ्या किती आणि गावातल्या किती, आणि उद्या कंपनी विकली तर ही वचनं नव्या मालकावर बंधनकारक राहतील का, हे सगळं ग्रामपंचायतीनं ना-हरकत द्यायच्या आधी लेखी घ्यायचं.